पडद्यामागच्या तारांचा इतिहास

नाटक रंगले की टाळ्या नटाला मिळतात, गायन रंगले की गायकाला. नेपथ्यकाराचे आणि प्रकाशयोजनाकाराचे नाव निदान पत्रिकेवर छापले जाते. परंतु रंगमंचाच्या कडेला, अंधाऱ्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या लोखंडी मांडणीकडे कोणाचेच लक्ष जात नाही. ध्वनियंत्रणेची ती रॅक. तिच्या दर्शनी बाजूस हिरवे-तांबडे दिवे लुकलुकत असतात. पाठीमागे काय दडले आहे हे पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. आम्हीही अनेक वर्षे घेतली नव्हती. ती घ्यावी लागली एका चुकीमुळे, आणि ती चूक आमचीच होती. म्हणून इतिहासाकडे वळण्याआधी तीच सांगतो.

आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात सणानिमित्त युवकांचे संगीतनाटक व्हायचे होते. प्रयोगाला दोन दिवस उरले असताना कर्ण्यांतून अखंड घुं-घुं ऐकू येऊ लागले. संवाद थांबला की ते अधिकच जाणवे. यंत्रणा सांभाळणाऱ्या तरुणाने बराच वेळ शोधाशोध केली आणि उपाय सापडल्याच्या आनंदात तो आमच्याकडे आला. "फादर, गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगमधली अर्थिंगची तार सोडवली की आवाज थांबतो. चालेल ना?" आम्ही मान डोलावली. हिरवी तार कापली गेली, घुमणे थांबले, नाटक उत्तम झाले आणि आम्ही सर्वांचे आभार मानले.

पुढे काही महिन्यांनी नाताळगीतांच्या सरावाच्या वेळी एक मुलगी तीच गिटार गळ्यात घालून माइकपाशी गेली. ओठ माइकच्या जाळीला टेकले मात्र, आणि ती किंचाळून मागे फेकली गेली. ती बचावली. खांद्याला मुका मार आणि मनात बसलेली भीती, एवढ्यावरच निभावले. तिच्या आईने आम्हाला दोष दिला नाही. ती एवढेच म्हणाली, "फादर, आधी तर हे यंत्र व्यवस्थित चालत होते ना?" त्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते.

आमच्या धर्मग्रामात टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, ऐंशीच्या घरातील एक सद्गृहस्थ आहेत. त्यांना आम्ही बोलावून घेतले. त्यांनी बॅटरीच्या उजेडात रॅकचे मागील दार उघडले आणि बराच वेळ ते काही बोललेच नाहीत. वीस वर्षांत ज्याने त्याने आपापली तार जोडली होती. जुनी मात्र कोणीच काढली नव्हती. विजेच्या तारा आणि माइकच्या तारा एकाच मोळीत आवळल्या होत्या. एकाही तारेवर चिठ्ठी नव्हती. शेवटी त्यांनी मंडपवाले ज्याला 'पी-३८' म्हणतात तो जाड टोकाचा प्लग उपसून हातात घेतला आणि ते हसले. "फादर, हा आमच्या एक्स्चेंजचा माणूस. तुमच्याकडे पाहुणा आला आहे."

त्यांच्या या एका वाक्याने आम्हाला इतिहासाच्या वाटेवर आणून सोडले. त्या वाटेवर आम्हाला जे गवसले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

जानेवारी १८७८ मध्ये अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवन शहरी पहिले व्यापारी टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले. एका ग्राहकाची तार दुसऱ्याच्या तारेशी क्षणात जोडावी आणि क्षणात सोडवावी, ही त्या धंद्याची गरज होती. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीतील चार्ल्स स्क्रिबनर या अभियंत्याने याच सुमारास त्यासाठी एक स्विच तयार केला. त्याची ठेवण मिटणाऱ्या चाकूसारखी, म्हणजे जॅकनाइफसारखी होती. त्यावरून त्या खोबणीला 'जॅक' हे नाव पडले आणि ते आजतागायत टिकले. स्विचबोर्डासमोर बसून शेकडो खोबणींत प्लग खुपसणाऱ्या स्त्रियांचे हात ज्याने घडवले, तोच पाव इंच जाडीचा प्लग आज गिटारच्या टोकाला असतो. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज १८८२ साली आले. आमच्या सद्गृहस्थांनीही तरुणपणी ट्रंक एक्स्चेंजमध्ये हेच प्लग हाताळले होते.

रॅकचे कुळही तेच. १९२० च्या दशकाच्या आरंभी एटी अँड टी या अमेरिकन टेलिफोन कंपनीने आपली उपकरणे एकोणीस इंच रुंदीच्या पोलादी चौकटींत बसवण्याचा नियम केला. उंचीसाठी पावणेदोन इंचांचे एक माप ठरले. पुढे रेडिओकेंद्रांनी, ध्वनिमुद्रणगृहांनी आणि नाट्यगृहांनी हेच माप उचलले. म्हणूनच जपानमध्ये बनलेले उपकरण जर्मनीत बनलेल्या चौकटीत आणि ती चौकट आमच्या गावच्या सभागृहात बिनतक्रार बसते. शंभर वर्षे टिकलेली अशी मापे यंत्रयुगात फार थोडी.

आणि ज्या घुमण्यावर आम्ही चुकीचा उपाय केला, तेही तितकेच जुने निघाले. आरंभीच्या टेलिफोनला एकच तार असे. परतीची वाट म्हणून जमीनच वापरली जाई. गावात वीज नव्हती तोवर हे खपून गेले. १८८८ साली व्हर्जिनियातील रिचमंड शहरात फ्रँक स्प्रेग यांनी विजेच्या ट्राम यशस्वीपणे चालवून दाखवल्या आणि पाहता पाहता गावोगावी ट्राम धावू लागल्या. त्यांचा परतीचा प्रवाहही रुळांतून आणि जमिनीतूनच वाहत होता. टेलिफोन कानाला लावावा तर बोलण्याऐवजी गुरगुर ऐकू यावी, असे झाले. टेलिफोन कंपन्या आणि ट्राम कंपन्या न्यायालयांत भांडल्या. जमीन कोणाची, हा त्यातला प्रश्न होता.

न्यायालयांपेक्षा खरा निकाल दिला तो तारेनेच. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ मध्येच एका तारेऐवजी दोन तारा, आणि त्याही एकमेकींभोवती पिळलेल्या, अशी रचना पेटंटात मांडली होती. तिचे तत्त्व सोपे आहे. आवाजाचा संदेश दोन्ही तारांतून एकमेकांच्या उलट दिशेने धाडायचा. वाटेत बाहेरून होणारा उपद्रव मात्र दोन्ही तारांवर सारखाच पडतो, कारण पिळामुळे दोघी आळीपाळीने त्याच्या जवळ येत असतात. पलीकडचे यंत्र दोन तारांमधला फरक तेवढा घेते. जे सारखे असते ते वजा होते आणि जे वेगळे असते तेच, म्हणजे माणसाचा आवाज, शिल्लक राहते. माइकच्या तारेत आजही अशीच वेणी असते आणि तिच्याभोवती तांब्याच्या जाळीचे वेष्टन. दोन तारा आणि एक वेष्टन यांसाठी लागणारा तीन पिनांचा प्लग लॉस एंजेलिसमधील कॅनन कंपनीच्या कारखान्यातून जगभर गेला. आपल्याकडे अनेक जण त्याला अजूनही 'कॅनन पिन' म्हणतात.

तारांची ही विद्या रंगमंचावर आली ती कर्ण्याच्या पाठोपाठ. पीटर जेन्सन हे डॅनिश गृहस्थ आणि त्यांचे अमेरिकन सहकारी एडविन प्रिडॅम यांनी कॅलिफोर्नियात मोठ्या आवाजाचा कर्णा तयार केला. २४ डिसेंबर १९१५ रोजी, नाताळच्या पूर्वसंध्येला, सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरभवनासमोर जमलेल्या समुदायाने त्यातून गीते ऐकली. पुढे सप्टेंबर १९१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी सॅन डिएगो येथे सुमारे ५० हजार श्रोत्यांपुढे अशाच कर्ण्यांतून भाषण केले. एका माणसाचा स्वाभाविक आवाज एवढ्या लोकांपर्यंत पोहोचावा, हे तोवर शक्य नव्हते.

मात्र आवाज मोठा करणे निराळे आणि तो स्पष्ट करणे निराळे. लंडनचे रॉयल अल्बर्ट हॉल याची साक्ष देते. २९ मार्च १८७१ रोजी त्याच्या उद्घाटनप्रसंगी युवराजांचे भाषण घुमटाखाली असे काही घुमले की अनेक जागी ते दोनदा ऐकू आले. उपाय म्हणून छताखाली कापडाचे छत ताणले गेले. १९४९ मध्ये ते काढून अ‍ॅल्युमिनियमचे पन्हळी पत्रे बसवले. तरीही प्रतिध्वनी पुरता गेला नाही, तेव्हा १९६९ मध्ये फायबरग्लासच्या १३५ मोठ्या तबकड्या छतापासून टांगल्या. लंडनकर त्यांना 'मशरूम' म्हणतात. २००१ मध्ये अभ्यासांती त्या ८५ वर आणल्या. म्हणजे एका प्रतिध्वनीशी त्या वास्तूचे भांडण शतकाहून अधिक काळ चालले. २०१८ च्या सुमारास तेथील ध्वनियंत्रणा मुळापासून बदलण्यात आली. एकाच अवाढव्य पुंजक्यातून सगळीकडे आवाज फेकण्याऐवजी ४६५ कर्णे सभागृहभर विखरून बसवले, जेणेकरून प्रत्येक श्रोत्याला आवाज जवळून मिळावा. वर्षभर कार्यक्रमांनी गजबजलेल्या अशा वास्तूत तारा बदलणे म्हणजे धावत्या गाडीची चाके बदलणे. रात्री पाहुणे गेले की काम सुरू करायचे आणि सकाळी सराव सुरू होण्यापूर्वी सारे जागच्या जागी हवे.

या इतिहासाची एक बाजू काळी आहे. १९६० च्या दशकात संगीताचे कार्यक्रम मैदानांवर गेले. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर बीटल्सपुढे पन्नास हजारांहून अधिक लोक होते. त्यांच्या आरोळ्यांत वादकांना स्वतःचाच आवाज ऐकू येत नव्हता. मग अ‍ॅम्प्लिफायर वाढले, तारा वाढल्या, आणि प्रत्येक गावी निराळी वीज, निराळे अर्थिंग. घुमणे थांबवण्यासाठी अर्थिंग तोडण्याची सवय तेव्हापासूनची. मे १९७२ मध्ये वेल्समधील स्वानसी येथे 'स्टोन द क्रोज' या वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस हार्वे भर रंगमंचावर विजेच्या धक्क्याने मरण पावला. अर्थिंग नीट नसलेल्या माइकला त्याचा हात लागला होता. त्याचे वय २७ वर्षांचे होते.

ही हकीकत वाचली त्या रात्री आम्हाला झोप आली नाही.

घुमण्याचे कारण काय आणि अर्थिंग तोडल्याने ते का थांबते, हे येथे सांगितले पाहिजे, कारण पुष्कळ धर्मग्रामांत ही 'युक्ती' आजही चालते. गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर रंगमंचावरच्या प्लगवर होता आणि रॅक दुसऱ्या टोकाच्या प्लगवर. दोन्हींना आपापले अर्थिंग. शिवाय दोहोंना जोडणाऱ्या ध्वनीच्या तारेचे वेष्टन. असे एक मोठे वेटोळे तयार झाले आणि त्यातून विजेचा थोडासा भटका प्रवाह फिरू लागला. आपल्या विजेची कंपने सेकंदाला पन्नास. तीच आणि त्यांची दुप्पट कर्ण्यात घुमू लागली. अर्थिंगची तार कापताच वेटोळे तुटले आणि घुमणे थांबले. पण ती तार घुमण्यासाठी नव्हतीच. यंत्राच्या लोखंडी पेटीत चुकून वीज उतरली, तर ती जमिनीत नेऊन फ्यूज उडवणे हे तिचे काम. आपल्या तीन पिनांच्या प्लगमध्ये अर्थिंगची पिन सर्वांत लांब ठेवली आहे ती उगाच नव्हे. प्लग बसवताना संरक्षण आधी जोडले जावे आणि काढताना शेवटी सुटावे, हा तिचा हेतू. आमच्या त्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये वीज खरोखरच उतरली होती. सरावाच्या दिवशी तो रॅकला जोडलेला नव्हता, त्यामुळे वेष्टनातून जाण्याची उरलीसुरली वाटही बंद होती. वीज गिटारच्या तारांपर्यंत येऊन थांबली होती. माइकची जाळी अर्थिंगला जोडलेली होती. मधली वाट त्या मुलीच्या देहाने पुरी केली.

मग घुमणे थांबवायचे तरी कसे? याचे शास्त्रशुद्ध उत्तर देण्यात ज्यांचा वाटा मोठा, त्यांत नील मन्सी हे ध्वनितज्ज्ञ होते. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी दाखवून दिले की दोष बहुधा अर्थिंगचा नसून उपकरणांच्या आतील जोडणीचा असतो. माइकच्या प्लगची पहिली पिन म्हणजे वेष्टनाची पिन. ती थेट लोखंडी पेटीला जोडायला हवी. अनेक कारखानदार मात्र ती आतील नाजूक सर्किटला जोडत होते. मग वेष्टनाने बाहेर अडवलेला उपद्रव त्याच दाराने घरात शिरे. द्वारपालानेच चोराला आत घ्यावे, तसे. ध्वनिअभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००५ मध्ये यासंबंधी प्रमाण नियमच केला. त्यापूर्वी १९९२ मध्ये याच संस्थेने दुसरा एक गोंधळ मिटवला होता. काही देशांत दुसरी पिन संदेशाची मुख्य धरत, काही ठिकाणी तिसरी. दोन्ही पद्धतींच्या तारा एकाच रॅकमध्ये मिसळल्या की एक माइक दुसऱ्याच्या उलट वागे आणि दोघांचे आवाज एकमेकांना खात. दुसरी पिन मुख्य, असे तेव्हा ठरले.

मोजक्या शब्दांत सांगायचे तर नियम असा की अर्थिंग कधीही तोडायचे नाही. तोडायचे ते वेटोळे. दोन यंत्रांमध्ये ट्रान्सफॉर्मर बसवला की ध्वनी चुंबकाच्या मार्गाने पलीकडे जातो आणि तारेचा थेट संबंध उरत नाही. सर्व यंत्रांना एकाच ठिकाणाहून वीज आणि एकच अर्थिंग दिले, तर वेटोळे मुळात लहान होते. हे दोन्ही मार्ग कष्टाचे आहेत. हिरवी तार कापायला मात्र एक चिमटा पुरतो.

आमच्या सभागृहाच्या तारा नव्याने घालायचे ठरले तेव्हा रॉयल अल्बर्ट हॉलची अडचण लहान प्रमाणात आमच्याही वाट्याला आली. सभागृह बंद ठेवता येत नव्हते. शनिवार-रविवारी धर्मशिक्षणाचे वर्ग आणि लग्नाचे स्वागतसमारंभ. मधल्या वारी महिला मंडळ. तेव्हा सोमवार ते गुरुवार, रात्री नऊनंतर, असे तीन आठवडे काम चालले. आमचे सद्गृहस्थ खुर्चीवर बसून सांगत आणि तो तरुण, ज्याने तार कापली होती तोच, हातात डाखणी घेऊन करीत असे. त्यालाच हे काम द्यावे असा आमचा आग्रह होता. सद्गृहस्थांनाही ते पटले.

पहिले चार दिवस त्यांनी एकही तार काढू दिली नाही. प्रत्येक तार कोठून निघते आणि कोठे जाते याचा नकाशा वहीत काढायचा, दोन्ही टोकांना एकच क्रमांक लिहिलेली चिठ्ठी बांधायची. "एका टोकाला चिठ्ठी म्हणजे अर्ध्या पत्त्याचे पत्र," ते म्हणत. त्यानंतर एका वेळी एकच यंत्र खाली उतरवायचे, त्याच्या तारा बदलायच्या, मीटरने तपासायच्या, ते परत बसवून चालवून पाहायचे, आणि मगच दुसऱ्याला हात लावायचा. त्यामुळे शुक्रवारी सकाळी यंत्रणा नेहमी चालू स्थितीत असे. विजेच्या तारा रॅकच्या एका कडेने, ध्वनीच्या दुसऱ्या कडेने. जेथे ओलांडणे भागच असेल तेथे काटकोनात. प्रत्येक तारेला मागे थोडा ढिलेपणा, म्हणजे उद्या यंत्र ओढून काढताना सांधा तुटू नये. एकही तार इतकी आवळायची नाही की तिच्या आतील वेणी चेपेल. शेवटी सर्व यंत्रांसाठी एकच वीजपुरवठा आणला, रंगमंचावरचे प्लगही त्यावरच घेतले, आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवला. तो ३० मिलिअँपिअर एवढ्या अल्प गळतीलाही उडतो. गिटार आणि रॅक यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मरची छोटी पेटी आली.

रॅकमधून ज्या मृत तारा निघाल्या, त्यांची दोन पोती भरली. त्यांतील कित्येक तारांचे दुसरे टोक कोठेच जोडलेले नव्हते.

सद्गृहस्थ आम्हाला म्हणाले की ही विद्याही आता बदलत आहे. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे स्थापन झालेल्या ऑडिनेट कंपनीच्या 'डांटे' पद्धतीने शेकडो आवाज संगणकाच्या एकाच तारेतून धाडता येतात. मोठ्या नाट्यगृहांतील बोटभर जाडीच्या तारांच्या मोळ्या त्यामुळे ओस पडत चालल्या आहेत. परंतु त्या संगणकाच्या तारेतही पिळलेल्या जोड्याच असतात, बेल यांनी सांगितल्या तशाच. आणि यंत्राची पेटी लोखंडाची असेल, ती विजेवर चालत असेल, तोवर हिरवी तारही लागणारच.

सर्व काम संपल्यावर एका गुरुवारी रात्री आम्ही रिकाम्या सभागृहात मागच्या बाकावर बसलो. तरुणाने सर्व यंत्रे चालू केली, सर्व खुंट्या पुऱ्या वर नेल्या. कर्ण्यांतून मंद श्वासासारखा आवाज आला, घुमणे नव्हते. अर्थिंग सर्वत्र शाबूत होते. नंतर त्याने त्या मुलीच्या घरी जाऊन, आम्ही न सांगता, तिची क्षमा मागितली. आम्ही त्याच्या आधी जायला हवे होते. दुसऱ्या दिवशी गेलो. पुढच्या नाताळला ती पुन्हा गायली. माइकपासून चार बोटे दूर उभी राहून.

तो कापलेल्या तारेचा प्लग आम्ही टाकून दिलेला नाही. तो आमच्या टेबलाच्या खणात आहे. धर्मग्रामाच्या कामात कोणी एखादा सोपा उपाय घेऊन येतो आणि "फादर, चालेल ना?" असे विचारतो, तेव्हा मान डोलावण्यापूर्वी आम्ही एकदा तो खण उघडतो.